काळीवर उभी राहणारी घरं : साइटवरचा अपघात आणि आपल्या फ्लॅटची काळजी

गेल्या वैशाखात रात्री साडेनऊला एक ओळखीचं शिक्षक दाम्पत्य घरी आलं. जळगावच्या कडेला नव्या वस्तीत त्यांनी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट बुक केलेला आहे. त्या दिवशी दुपारी त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरताना बाल्कनीकडचं सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा आणि टेकू) बसलं आणि तेवढा भाग खाली आला. दोन मजूर सापडले, त्यातल्या एका पोराचा पाय मोडला. सर पाण्याचा ग्लास हातात धरून नुसते बसलेले. शेवटी मॅडमच बोलल्या, "भाऊ, त्या पोराचं आधी बरं होऊ द्या. पण आमचं घर आता राहण्यालायक असेल का हो?"

विचारताना त्या ओशाळल्या होत्या. कुणाचा पाय मोडलाय आणि आपण फ्लॅटचं काय घेऊन बसलो, असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, ओशाळू नका. मजुराचा जीव आणि तुमचं घर हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ज्या घाईनं टेकू कमी लागले, त्याच घाईनं काँक्रीटमध्ये पाणी जास्त पडतं. ज्या साइटवर मजुराला हेल्मेट मिळत नाही, तिथं सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर धरणारे छोटे ठोकळे) ठेवायलाही कुणाला सवड नसते. वीस वर्षं जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे अशा गावांत बांधकामाच्या देखरेखीचं काम करतोय, आणि याला अपवाद मी फार थोडे पाहिलेत.

त्या रात्री बारापर्यंत जे बोललो, तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

कोणता अपघात इमारतीबद्दल काय सांगतो

मजूर परांचीवरून पडला, तर इमारतीचं काही बिघडत नाही. पट्टा नव्हता, कठडा नव्हता, फळी मोकळी होती, यापैकीच काहीतरी कारण असतं. इमारत धडधाकट राहते, माणूस जातो. मात्र डक्टला आणि लिफ्टच्या खड्ड्याला साधी आडवी बल्ली ज्यानं लावली नाही, त्यानं आणखी काय काय टाळलं असेल, हा विचार घर घेणाऱ्यानं करायलाच हवा.

सेंट्रिंग कोसळलं, तर थेट इमारतीशी संबंध येतो. पडलेला भाग तोडून नव्यानं करता येतो आणि नीट केला तर तो चांगलाही होतो. पण पडताना त्यानं शेजारच्या बीमला ओढ दिली का, कॉलमला तडा गेला का, सळई वाकली का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं स्वतः येऊन पाहावं लागतं. ठेकेदाराचं "काही झालं नाही साहेब" पुरेसं नाही.

तिसरी जात मातीची: खड्ड्याची बाजू ढासळणं, संरक्षक भिंत पडणं. २०१९ च्या जूनअखेरीस पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत रात्रीच्या पावसात खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि लहान मुलांसह १५ जण गेले. पलीकडे नव्या इमारतीसाठी खोदकाम झालेलं होतं. आपल्याकडे तर मातीचा हा धोका जास्तच ध्यानात ठेवायला हवा. का, ते पुढे सांगतो.

ओलं काँक्रीट कुणालाच धरत नाही

स्लॅब म्हटला की आपल्याला दगडासारखी वस्तू डोळ्यांपुढे येते. भरताना मात्र तो चिखल असतो, आणि या चिखलाला जबर वजन असतं. एक घनमीटर काँक्रीट सळईसकट सुमारे २५०० किलो भरतं. दहा बाय दहाची खोली घ्या, पाच इंचांचा स्लॅब धरा. एवढ्याशा खोलीवर जवळजवळ ३ टन वजन आलं, म्हणजे केळीनं भरलेल्या दोन पिकअप गाड्या. वर माणसं, घमेली, व्हायब्रेटर वेगळे. काँक्रीट घट्ट होईपर्यंत हे सगळं खालच्या टेकूंनी पेलायचं असतं.

टेकू तीन कारणांनी दगा देतात. ते लांब लांब लावलेले असतात. त्यांना आडवे-तिरपे बांध नसतात, त्यामुळे एक सरकला की रांगेनं सगळे सरकतात. आणि तळमजल्यावर ते थेट मातीवर उभे असतात. हे तिसरं कारण आपल्याकडे फार दिसतं. काळी माती कोरडी असताना लोखंडासारखी वाटते. स्लॅब भरताना वरून पाणी गळतं, माती ओली होते, आणि बल्ली लोण्यात सुरी घुसावी तशी खाली जाते. बल्लीखाली रुंद, जाड फळी टाकली की भार पसरतो. एका फळीचा खर्च तो किती! सरांच्या इमारतीत बाल्कनी बाहेर निघालेली होती, त्यामुळे तिचे टेकू पहिल्या मजल्यावर न येता थेट जमिनीवरून उंच नेलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं. चार टेकू वीतभर खचलेले होते, खाली फळी नव्हती, विटेचे तुकडे होते.

पुण्यात बालेवाडीला २०१६ च्या जुलैत वरच्या मजल्याचा स्लॅब भरताना कोसळून ९ मजूर मेले. त्यानंतर वर्तमानपत्रांतून हळहळ झाली, चौकशी झाली. तरी गावोगावी सेंट्रिंग आजही अंदाजानंच लागतं. "आमचा मिस्त्री जुना आहे" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. मिस्त्रीच्या हाताबद्दल मला आदर आहे, पण ३ टन म्हणजे ३ टन.

दुसरा धोका सेंट्रिंग खोलताना असतो. प्लेट भाड्याच्या, दिवसाचं भाडं चालू, आणि पुढच्या साइटवाला दारात उभा. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस, ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि त्यापुढच्या बीमचे २१ दिवस ठेवायचे असतात. हे दिवस साध्या पोर्टलँड, म्हणजे ओपीसी सिमेंटचे. आपल्या बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं. ते सावकाश ताकद धरतं, म्हणून आणखी थांबावं लागतं. शिवाय वरचा स्लॅब भरताना खालच्या स्लॅबचे टेकू काढून टाकले, तर कोवळ्या स्लॅबवर सगळा भार येतो.

बाल्कनी आणि छज्जाबद्दल मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथं चूक अगदी साधी असते आणि जीव घेते. घरातल्या स्लॅबला मधोमध खालच्या अंगानं ताण येतो, म्हणून मुख्य सळई खाली असते. छज्जाचं उलटं असतं. तो भिंतीतून हातासारखा बाहेर आलेला असतो, ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वरच हवी. स्लॅबच्या दिवशी घमेली घेऊन माणसं त्याच सळईवरून जा-ये करतात. ती पायाखाली दबून तळाला जाते. वरून काँक्रीट पडतं, सगळं झाकलं जातं. सेंट्रिंग काढेपर्यंत कुणालाच काही कळत नाही. काढलं की छज्जा खालच्या माणसासकट येतो, किंवा वाईट म्हणजे तेव्हा येत नाही आणि चार वर्षांनी कुणी कुंड्या ठेवल्यावर येतो. यावर उपाय म्हणजे सळई उचलून धरणाऱ्या लोखंडी 'चेअर' आणि चालायला वेगळ्या फळ्या. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी बाल्कनीची सळई वर आहे की खाली, हे शाळेतलं पोरही पाहून सांगेल.

गाव पांढरीवर, शेत काळीत

आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यात 'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द होते. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. गाव वसवताना पांढरी बघून वसवत, कारण काळीत घर टिकत नाही हे त्यांना ठाऊक होतं. धाब्याची घरंही या मातीला धरून होती. लाकडी खण थोडंफार हललं तरी सहन करत, पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकून घेतली, भिंती लिंपून घेतल्या की वर्ष निघायचं.

आता गावं वाढून काळीवर आली आहेत. कापूस, ज्वारी, केळीची शेतं एनए (बिगरशेती) होऊन प्लॉट पडले, त्यांवर पार्किंग अधिक तीन-चार मजले उभे राहतात. आरसीसी इमारत धाब्याच्या घरासारखी हलून घेत नाही. ती ताठ असते. खालची जमीन हलली की ती तडकते.

काळी माती हलते म्हणजे काय? तिच्यातल्या चिकण कणांना पाण्याची भारी ओढ असते. आषाढात पाणी पिऊन ती फुगते, वैशाखात वाळून आकसते. हात जाईल एवढ्या भेगा आपण शेतात पाहतोच. या फुगण्या-आकसण्याच्या थरात पाया ठेवला, तर इमारत दरवर्षी वर ढकलली जाते आणि पुन्हा खाली बसते. सगळीकडे सारखीच हलली असती तर एवढं नुकसान झालं नसतं. पण एका कोपऱ्याला न्हाणीघराचा पाइप गळतो, दुसरीकडे ऊन पडतं, तिसरीकडे कडुनिंब मुळांनी पाणी ओढतो. प्रत्येक कोपरा वेगळा हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते.

उपाय आहेत आणि ते नवे नाहीत. काळीचा थर ओलांडून मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत खोदायचं आणि पाया तिथं ठेवायचा. खड्डा त्याच काळ्या मातीनं न भरता मुरूम टाकून कुटायचा. सगळे कॉलम जोत्याच्या बीमनं एकमेकांत बांधायचे. इमारतीभोवती फरशीचा पट्टा करून पावसाचं पाणी लांब न्यायचं. थर फार खोल असेल तर राफ्ट (इमारतीखाली सलग काँक्रीटचा पाया) किंवा पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्यायचे. धुळ्याकडे अनेक जागी काही फुटांवर मुरूम लागतो. तापीकाठी चोपडा, यावल, रावेर, भुसावळ पट्ट्यात मात्र गाळाची जमीन खोलच खोल जाते, मुरमाची वाट पाहत बसून चालत नाही. तिथं माती परीक्षणाचा अहवालच सांगेल पाया कसा हवा. अमळनेरकडचा एक म्हातारा गवंडी खड्डा पाहून मला म्हणाला होता, "खाले काई माती शे भाऊ (खाली काळी माती आहे), पाया खोल जाऊ द्या." ठेकेदाराला तो म्हातारा आवडला नव्हता. अहवाल आला तेव्हा म्हातारा बरोबर निघाला.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. शेत होतं तिथं विहीर होती. प्लॉट पाडताना ती राडारोडा टाकून बुजवतात, वर सपाट करतात, आणि चार पावसाळ्यांनी तिथलाच कॉलम बसतो. म्हणून प्लॉटचा जुना सातबारा काढा, एनए व्हायच्या आधीचा. पाण्याचं साधन म्हणून विहिरीची नोंद आहे का बघा. गटाचा नकाशा काढून नाला कुठून जात होता तेही पाहा. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो पाच मिनिटांत दाखवून देतो.

आणि मजुरांचं. काळ्या मातीतला उभा खड्डा सकाळी भिंतीसारखा दिसतो, दुपारी टँकरचं पाणी सांडलं की ढासळतो. दीड मीटरपेक्षा खोल चराला बाजूंनी आधार द्यायचा, किंवा बाजू तिरप्या उतरत्या ठेवायच्या, काढलेली माती काठावर रचायची नाही, हे सुरक्षेचे नियम आहेत. फुटिंगच्या, म्हणजे कॉलमच्या पायाच्या खड्ड्यात छातीएवढ्या मातीच्या भिंतींमध्ये बसून सळई बांधणारी माणसं दिसली आणि काठावर मातीचा ढीग दिसला, तर तेवढ्यावरून तुम्हाला त्या साइटची देखरेख कळली.

पंचेचाळीस अंशांतला स्लॅब

सिमेंट सुकून घट्ट होतं, असं बहुतेकांना वाटतं. सिमेंट सुकून नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. ही क्रिया कित्येक दिवस चालते आणि तोवर ओल टिकावी लागते. ओल उडाली की क्रिया थांबते. मग काँक्रीट दिसायला कडक, आतून अर्धवट राहतं.

आपल्या जळगाव-भुसावळचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पारा पंचेचाळीसच्या आसपास, वर कोरडी लू. सकाळी अकराला खडी हाताला चटका देते. अशा खडी-वाळूचं काँक्रीट कालवलं की ते लवकर आवळायला लागतं, घमेल्यातून सरकत नाही, आणि मिक्सरवाला पाइप धरतो. इथंच घराचं नुकसान होतं. ५० किलोच्या गोणीला साधारण २५ ते २७ लिटर पाणी पुरतं, आणि वाळू ओली असेल तर त्यातूनही वजा करायचं. रंगाची २० लिटरची रिकामी बादली प्रत्येक साइटवर असते, तिनं मोजता येतं. पण पाइपनं पाणी सोडलं की हिशोब संपला. जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि जागोजाग बारीक पोकळ्या ठेवून जातं.

म्हणून उन्हाळ्यात स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी भरावा, खडीवर आधी पाणी शिंपडून ती गार करावी, टाकताना काँक्रीट ४० अंशांच्या वर तापलेलं नसावं. आणि भरल्यावर पाणी. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, उष्ण कोरड्या हवेत किंवा पीपीसी असेल तर किमान १०, शक्यतो १४. केळीच्या बागेत वाफे करतो तसे स्लॅबवर बारीक बांध घालून पाणी तुंबवून ठेवायचं. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ एकदा पाइप फिरवणं म्हणजे पाणी मारणं नव्हे, दुपारी दोनला गोणपाट हाताला ओलं लागलं पाहिजे.

टंचाईत पाणी विकत घ्यावं लागतं, टँकरला पैसे पडतात, हे मला मान्य आहे. पण इमारतीच्या एकूण खर्चात तो आकडा फार छोटा आहे, आणि एकदा सुकलेला स्लॅब नंतर कितीही भिजवला तरी गेलेली ताकद पुरती परत येत नाही.

वाळूबद्दल थोडक्यात. गिरणेची, तापीची वाळू आता सहज मिळत नाही, तेव्हा क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू वापरतात. ती वाईट नाही. पण स्वस्तात 'डस्ट' आणून तिलाच क्रश सँड म्हणणं वेगळं. काचेच्या ग्लासात वाळू, पाणी आणि चिमूटभर मीठ टाका, हलवा, तीन तास राहू द्या. वर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू धुतलेली नाही.

पार्किंगचा मजला आणि रिंगची टोकं

खान्देश भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरला गेला होता. मध्यम धोक्याचा हा पट्टा. २००१ च्या २६ जानेवारीला भुजकडे धक्का बसला तेव्हा कितीतरी लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांत खाली मोकळं पार्किंग असलेल्या अनेक होत्या. वरच्या मजल्यांना भिंती असतात म्हणून ते ताठ राहतात, खालचा मजला नुसत्या कॉलमवर असतो, सगळा झोका तिथंच एकवटतो.

पार्किंग नकोच असं नाही. त्या मजल्याचे कॉलम आणि काही भिंती त्या हिशोबानं डिझाइन केलेल्या हव्यात. सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसेल अशी खूण म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा. रिंगचं टोक काटकोनात नुसतं दुमडलेलं असेल तर मोठ्या धक्क्यात ते उघडतं. ते १३५ अंशांत कॉलमच्या पोटात वळवलेलं हवं. जिथं कॉलम आणि बीम मिळतात, तिथं रिंगा जवळ जवळ हव्यात. काँक्रीट पडण्याआधी मोबाइलमध्ये फोटो काढून कोणत्याही ओळखीच्या इंजिनिअरला दाखवा.

मंजुरीपेक्षा जादा चढवलेला मजला हा वेगळाच रोग. मुंब्र्यात ४ एप्रिल २०१३ ला पडलेली इमारत विनापरवाना होती, वर मजले चढत होते आणि खाली माणसं राहत होती. ७४ जण गेले. महाडची इमारत २४ ऑगस्ट २०२० ला पडली, तिला दहा वर्षंही झाली नव्हती, १६ जण गेले. 'नवीन आहे म्हणजे मजबूत आहे' हा समज महाडनं खोटा ठरवला. एवढ्या मोठ्या इमारती आपल्याकडे कमी, म्हणून आपण सुरक्षित, असंही नाही. तीन मजल्यांच्या हिशोबाच्या पायावर चौथा चढवून वर १०,००० लिटरची टाकी ठेवली, की टाकीतल्या पाण्याचेच १० टन झाले.

कागद

महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारं प्राधिकरण आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घ्या आणि संकेतस्थळावर मंजूर नकाशा, मुदत, अभियंत्याची प्रमाणपत्रं पाहा. नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. कळवायचं ते लेखी, फोटोसह, पोचपावती घेऊन.

आपल्याकडची मोठी अडचण इथं आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. जळगाव, धुळे सोडा, पण भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबारला दोन-तीन प्लॉट जोडून उभ्या राहणाऱ्या सहा-आठ फ्लॅटच्या इमारती बऱ्याच असतात. त्या या जाळ्यातून सुटतात. तिथं बांधकाम परवानगी, जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, एवढाच तुमचा आधार. भोगवटा नसताना राहायला जाऊ नका. "सगळेच राहतात" हे खरं आहे आणि तरीही जाऊ नका. वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे.

सगळ्या कागदांत मी आधी तीन मागतो: माती परीक्षणाचा अहवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सहीचं ड्रॉइंग, आणि क्यूबचे रिपोर्ट. स्लॅब भरताना त्याच काँक्रीटचे १५ सेंटीमीटरचे ठोकळे भरून ठेवतात, पाण्यात बुडवतात आणि २८ दिवसांनी यंत्रात फोडून पाहतात. एम २५ दर्जाचं काँक्रीट म्हणजे २८ दिवसांनी २५ चा आकडा (दर चौरस मिलिमीटरला न्यूटन) यायला हवा. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश. बिल्डरकडे हे रिपोर्ट नसतील तर क्यूब भरलेच नाहीत, असं समजा. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ही चाचणी होते, खर्चही फार नाही.

साइटवर कधी आणि काय बघायला जायचं

रविवारी सॅम्पल फ्लॅट दाखवतात. तुम्ही बुधवारी दुपारी तीनला जा, परवानगी घेऊन, डोक्यावर हेल्मेट घालून. टाइल्स बघू नका. माणसं बघा.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या साइटवर मी एक झोळी पाहिली. तळमजल्यावर दोन टेकूंना जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, आत सहा-सात महिन्यांचं लेकरू झोपलेलं. आई वर विटा चढवत होती, सातपुड्याकडून आलेलं पावरा आदिवासी कुटुंब होतं. ते टेकू ज्या स्लॅबला धरून होते तो अजून कोवळा होता. मी ठेकेदाराला बोलावलं. झोळी पलीकडच्या शेडमध्ये बांधली गेली. लेकरू जागंही झालं नाही. आईनं वरूनच पाहिलं आणि विटा उचलायला वळली.

त्या बाईची कुठं नोंद होती का? नव्हती. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, २०२५ च्या नोव्हेंबरात तो नव्या कामगार संहितांत विलीन झाला. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर घेतला जातो, तो तुमच्या घराच्या किमतीतूनच जातो. राज्याचं इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ त्यातून चालतं. वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते. कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाखांची मदत आहे, मुलांना शिष्यवृत्ती आहे. पण ९० दिवसांचा दाखला द्यायला ठेकेदार तयार नसतो आणि गाव बदलत फिरणाऱ्या माणसाला नोंदणीला सवड नसते. तुम्ही पैसे भरणारे गिऱ्हाईक आहात. "इथल्या मजुरांची मंडळात नोंद आहे का?" हे तुम्ही विचारलं तर बिल्डरला उत्तर द्यावं लागतं. मजुरानं विचारलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतात.

कठडे, हेल्मेट, खालची जाळी, रात्री दिवा, प्यायचं पाणी, संडास. हे असलं की बाकीचंही बहुधा ठीक असतं. साइटवर एक वही असते, त्यात प्रत्येक स्लॅबआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरनं सळई तपासल्याची सही हवी. ती वही मागा. ती दाखवताना समोरच्याचा चेहरा कसा होतो, तेही बघा.

राहायला गेल्यावरच्या भेगा

प्रत्येक भेगेला घाबरायचं नसतं. गिलाव्यावरची केसासारखी जाळी म्हणजे गिलावा सुकताना आकसला. बीम आणि विटेची भिंत मिळते तिथली सरळ आडवी भेग बहुधा सांध्याची. काळजीची म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढणारी, किंवा कॉलम-बीमवर सळईच्या रेषेनं उभी-आडवी धावणारी. सळईच्या रेषेतली भेग आणि तपकिरी डाग म्हणजे आत गंज धरला आहे.

भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीनं आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. मेमध्ये एकदा, सप्टेंबरमध्ये एकदा पाहा. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग म्हणजे खाली काळी माती हलते आहे. मग आधी गळके पाइप, तुंबलेली गटारं आणि भिंतीलगतची बाग यांचा बंदोबस्त करा. सतत एकाच दिशेनं वाढणारी असेल तर इंजिनिअर बोलवा, लांबी (पुट्टी) भरून रंग देऊन झाकू नका. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर संरचनात्मक तपासणी टाळू नका.

सरांच्या इमारतीत पडलेला भाग तोडला, शेजारचा बीम हातोड्यानं आणि यंत्रानं तपासला. एका कॉलमच्या डोक्याशी तडा सापडला, तोही दुरुस्त करून घेतला. टेकूंखाली फळ्या आल्या. त्या पोराच्या पायात सळई बसवली, बिल्डरनं दवाखान्याचा खर्च दिला. पण रोजगार बुडाला त्याचं काय, यावर अजून बोलणं चालू आहे. इतर पाच गिऱ्हाइकांनीही पत्रावर सह्या केल्या, तेव्हा ते बोलणं सुरू झालं. नव्या बाल्कनीचे क्यूब सातव्या दिवशी फोडले. सरांनी फोन करून आकडा वाचून दाखवला: १७.२. ठीक आहे म्हटलं. अठ्ठावीसाव्या दिवसाची तारीख मॅडमनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवली आहे.